दुसरा फ्लॅट घेणाऱ्या भाचीस

सँपल फ्लॅटवर जाऊ नकोस, शाल्मली.
तिथला पलंग मुद्दाम आखूड करवून घेतलेला असतो
आणि खोल्यांना दारं नसतात.
त्यापेक्षा मंगळवारी सकाळी साडेसहाला उंड्रीला जा,
गेटबाहेर उभी राहा, टँकर मोज.
मी मोजले होते. नऊ.
सेल्समन म्हणाला, बागेसाठी येतात हो, बागेसाठी.
बाग म्हणजे चार पाम आणि एक सिमेंटचं बदक.

तेवीस वर्षं मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत
माणसांचे अंगठे धरून यंत्रावर टेकवले.
घेणाऱ्याचा अंगठा घामेजलेला असतो,
विकणाऱ्याचा कोरडा.
म्हणून सांगते,
भोगवटा पत्र दाखवेपर्यंत त्यांचा चहासुद्धा घेऊ नकोस.
"दिवाळीपर्यंत येईलच" म्हणाले, तर विचार, कुठल्या दिवाळीपर्यंत.
इंडेक्स टू काढ, तीस वर्षांचा शोध घ्यायला लाव,
वकिलाच्या फीत काटकसर नको.
पण कागदात जे नसतं
ते दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना माहीत असतं:
कुठली भिंत ऑगस्टात फुगते,
लिफ्टचं भांडण कुणामुळे कोर्टात गेलंय.
त्यांच्याकडे मात्र चहा घे. दोनदा घे.

भाड्याचं गणित उलट्या बाजूनं मांड.
वर्षाचे बारा महिने धरू नकोस, दहा धर.
त्यातून मेंटेनन्स, मिळकत कर, ब्रोकरचा एक महिना,
आणि गीझर, जो डिसेंबरातच जातो.
उरेल ते हप्त्याशेजारी ठेवून बघ.
हप्ता मोठा दिसेल. दिसू दे.
तरीही रात्री झोप लागली, तर घे.

करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवायचाच.
पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यायची.
मीटरचा फोटो दोघांनी समोर उभं राहून काढायचा.
आणि जाहिरातीत "फक्त फॅमिली, फक्त शाकाहारी"
असलं काही लिहिलंस तर माझ्याशी बोलू नकोस.
तुझ्या आईला नि मला नारायण पेठेत
"दोघीच? पुरुषमाणूस कुणी?" असं विचारून
सात दारांवरून परत पाठवलं होतं.

माझ्या धानोरीच्या फ्लॅटात बिस्वाल राहायचे.
दोघं होते, मग अडीच झाले.
न विचारता त्यांनी छतात हूक मारला, पाळण्यासाठी.
सोडून गेले तेव्हा मी डिपॉझिटमधून सातशे कापले.
करारात कलम होतं तसं. अकरावं.
ती काही बोलली नाही.
जाताना ओटा तेवढा पुसून गेली.

पुढच्या वर्षी फ्लॅट विकायला काढला.
ढमढेरे तीनदा आले, तीनदा
दोन लाखांवर अडून परत गेले.
चौथ्या खेपेला सुनेला घेऊन आले, सातवा चालू होता तिला.
तिनं वर बघितलं. हळूच नवऱ्याला म्हणाली,
"अहो, इथे आहे की."
मी ताडलं.
एक रुपया खाली उतरले नाही.
सौदा असाच करायचा असतो, शिकून घे.

मुद्रांक शुल्क किती लागलं ते आता आठवत नाही,
सातशे आठवतात.
भुवनेश्वरचा नंबर आहे माझ्याकडे.
पुष्कळदा लावून बघितला असं मी सगळ्यांना सांगते.
एकदाच लावला होता.

असो. विकशील तेव्हा रंग लाव, पण ओलीवर लावू नकोस.
बँकेत रक्कम जमा झाल्याशिवाय किल्ली नाही,
मग घेणारा सख्खा चुलतभाऊ का असेना.
आणि आत कुणी राहत असेल तर त्याला आधी तू सांग,
घर बघायला आलेल्यांच्या चपलांवरून त्याला कळायला नको.

मोजपट्टी माझी ने, पोलादी आहे.
आणि मंगळवारीच जा.
रविवारी गिऱ्हाईक असतं,
टँकर मागच्या गेटनं घेतात.